काचेतील समुद्र

नायगाव हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथून पूर्वेस निघा वा पश्चिमेस, समुद्र गाठावयास शेकडो किलोमीटर जावे लागते. गोदावरी आणि मांजरा यांचे पूर पाहिलेल्या तेथील पुष्कळ मुलांनी भरतीओहोटी कधी पाहिलेली नसते. तरीही समुद्राची एक वस्तू तेथील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या जोडीला तांबडे पोवळे ओवलेले असते. हिरा किंवा माणिक खाणीत सापडते, तसे पोवळे सापडत नाही. प्रवाळ नावाचे चिमुकले प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्या देहाला आधार देणारा कठीण सांगाडा घडवितात. खरे पोवळे म्हणजे अशा सांगाड्याचा तुकडा. तो घडविणारे जीव कधीच मरून गेलेले असतात.

असे प्रवाळ समुद्रापासून दूर, घरातील काचेच्या पात्रात जिवंत ठेवता येतील काय? सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर ऐकणारे हसले असते. समुद्राचे पाणी भांड्यात भरून ठेवले की दोनचार दिवसांत त्याला दुर्गंधी येई आणि त्यातील जीव मरून जात, हा सर्वांचा अनुभव होता. हा अनुभव ज्यांनी पालटला, त्यांत फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गाभ्यासकाचे नाव अग्रभागी आहे.

फिलिप यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर या गावी झाला. त्यांचे वडील चित्रकार होते. हस्तिदंताच्या लहानशा पट्टीवर माणसाचा चेहरा हुबेहूब रंगविण्याची कला त्यांना अवगत होती; परंतु त्या कलेवर पोट भरत नसे. गिऱ्हाइकाच्या शोधात ते गावोगाव पायी हिंडत आणि घरी पत्नी काटकसरीने संसार चालवी. फिलिप लहान असतानाच हे कुटुंब पूल या बंदराच्या गावी राहावयास गेले. तेथे समुद्र अगदी दाराशी होता.

पूल येथे त्यांची आत्या सुसान बेल राहत असे. ती मोठी चौकस बाई होती. खडकाला चिकटलेली, फुलासारखी दिसणारी समुद्रफुले ती आपल्या भाच्याला दाखवी, त्यांची नावे सांगे, आणि ताज्या खाऱ्या पाण्याच्या भांड्यात ती ठेवून त्यांच्याकडे पाहत बसण्यास सुचवी. भांड्यातील समुद्रफुले फार दिवस जगत नसत, परंतु त्यांना पाहण्याचा छंद मुलाला लागला तो कायमचा. वडिलांकडून बारीक रेषा काढणारा हात आणि आत्याकडून बारकाईने पाहणारा डोळा, एवढीच काय ती त्यांना घरून मिळालेली संपत्ती. शाळा लवकर सुटली. १५ व्या वर्षी ते एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून झाले आणि १७ व्या वर्षी, १८२७ साली, जहाजात बसून अटलांटिक महासागरापलीकडील न्यूफाउंडलंड बेटावर गेले. तेथेही कारकुनीच होती. दिवसभर सील प्राण्यांच्या तेलाचे आणि माशांचे हिशेब लिहावयाचे आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करून त्यांची चित्रे काढावयाची, असा क्रम त्यांनी आठ वर्षे चालविला. १८३२ साली सूक्ष्मदर्शक यंत्राविषयीचा एक जुना ग्रंथ त्यांच्या हाती पडला. पुढे आपल्या आयुष्याची दिशा त्या खरेदीने ठरली, असे ते मानीत.

त्यानंतरची वर्षे हालअपेष्टांची होती. कॅनडात तीन वर्षे त्यांनी शेती केली. जमीन निकस, हिवाळा लांबच लांब आणि अनुभव मुळीच नाही. शेती बुडाली. १८३८ साली ते अमेरिकेतील अलाबामा प्रांतात गेले व एका खेड्यातील शाळेत शिक्षक झाले. तेथे कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांचे हाल पाहून त्यांचे मन विटले आणि वर्षभराच्या आत ते इंग्लंडला परतले. त्या वेळी त्यांच्याजवळ पैसा नव्हता. प्रवासात लिहिलेली एक हस्तलिखित वही मात्र होती. त्यांचे आतेभाऊ टॉमस बेल हे प्राणिशास्त्राचे नामांकित अभ्यासक झाले होते. त्यांच्या साहाय्याने ती वही एका प्रकाशकाकडे गेली आणि प्रकाशकाने तिच्यासाठी शंभर गिनी देऊ केल्या. उपाशी पोटी दिवस काढणाऱ्या गॉस यांना ते ऐकून रडू आवरेना. ‘कॅनेडियन नॅचरलिस्ट’ हे त्यांचे पहिले पुस्तक १८४० मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी जमेका बेटावरील पक्ष्यांचा अभ्यास केला. तेथे सॅम्युएल कॅम्बेल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण त्यांचा साथीदार होता. पक्षी ओळखण्यात व शोधण्यात त्याचा हातखंडा होता आणि गॉस यांनी आपल्या ग्रंथात त्याच्या निरीक्षणांचे श्रेय त्याच्या नावानिशी दिले आहे. त्या काळातील किती गोऱ्या लेखकांनी असे केले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. १८४८ साली एमिली बोज या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. पुढल्या वर्षी मुलगा झाला. त्या दिवशी गॉस यांनी आपल्या रोजनिशीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि तिच्याच जोडीला जमेकाहून एक हिरवी पाकोळी येऊन पोहोचल्याचीही नोंद केली. पुढे हा मुलगा, एडमंड, मोठा साहित्यिक झाला आणि त्याने ही गोष्ट मोठ्या गमतीने सांगितली.

अतोनात लेखनाने १८५२ साली गॉस यांची प्रकृती ढासळली. डोके सतत दुखे. वैद्यांनी लेखणी खाली ठेवून समुद्रकाठी जाण्यास सांगितले, म्हणून पत्नीला व लहान मुलाला घेऊन ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन प्रांतात गेले. विश्रांतीसाठी गेलेला हा मनुष्य तेथे हातोडी, छिन्नी आणि काचेच्या बरण्या घेऊन रोज खडकांवर जाऊ लागला! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि त्या वेळची ओहोटीही फार खोल असते. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हा काही काळ उघडे पडतात. त्या अवधीत गॉस कमरेइतक्या पाण्यात उभे राहून कपारींत हात घालीत.

अशाच खडकांवर त्यांना प्रवाळ भेटले. ‘प्रवाळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उष्ण समुद्रातील प्रचंड प्रवाळभित्ती उभ्या राहतात. इंग्लंडच्या थंड पाण्यात तशा भित्ती नसतात. तेथे एकेकटे राहणारे लहान प्रवाळ आढळतात. त्यांतील एकाचा सांगाडा चहाच्या पेल्याच्या आकाराचा, परंतु उंचीने बोटाच्या एका पेराएवढा असतो. ओहोटीत तो कोरडा पडला म्हणजे खडकावरील पांढऱ्या खड्यासारखा दिसतो. पाण्यात ठेवून थोडा वेळ शांत राहू दिला की त्याच्या पातळ पडद्यांमधून काचेसारखे पारदर्शक मांस हळूहळू वर येते, मध्ये तोंड दिसते आणि भोवती स्पर्शतंतूंचे कडे उमलते. प्रत्येक तंतूच्या टोकाला मोत्यासारखी एक गाठ असते. १८५२ मध्येच इल्फ्राकूम गावाजवळ गॉस यांना दुसरा एक प्रवाळ सापडला. त्याचा देह शेंदरी तांबडा आणि तंतू सोन्यासारखे पिवळे होते. शास्त्राला तो अगदी नवा होता. गॉस यांनी त्याला ‘बॅलनोफिलिया रेजिया’ असे नाव दिले. रेजिया म्हणजे राजेशाही.

शोधून काढणे एक आणि जगविणे दुसरे. प्रवाळ काय खातो, हे पाहावयाचे तर तो जिवंत राहिला पाहिजे. आणि तो जिवंत राहावयाचा तर त्याला योग्य अन्न मिळाले पाहिजे. गॉस यांनी टाचणीच्या डोक्याएवढा एक कोळी पाण्यात सोडला आणि गवताच्या काडीने तो प्रवाळाजवळ ढकलला. एका तंतूच्या टोकाला स्पर्श होताच कोळी तेथे चिकटला. मग आजूबाजूचे तंतूही वळले आणि भक्ष्य मध्यभागी तोंडाकडे नेले गेले. प्रवाळाच्या तंतूंत सूक्ष्म डंख असतात. त्यांच्या साहाय्याने तो भक्ष्याला बधिर करतो व धरून ठेवतो. तो जागचा हलत नाही; अन्न वाहत वाहत त्याच्याकडे आले पाहिजे. समुद्रात लाटा ते काम करतात. काचेच्या पात्रात ते पाळणाऱ्याला करावे लागते. मांसाचा अगदी लहान तुकडा काडीच्या टोकाने तंतूंपाशी न्यावा, प्रवाळाने तो घेतला तर ठीक, आणि टाकला तर लगेच बाहेर काढावा. राहिलेला कण कुजला की सारे पाणी बिघडते. दयेपोटी भरपूर खाऊ घालणारा मनुष्य आपले प्रवाळ उपाशी ठेवणाऱ्यापेक्षा लवकर मारतो, हे या छंदातील पहिले कडू सत्य होय.

या कामात गॉस एकटे नव्हते. त्यांच्याही आधी, १८४६ च्या शरद ऋतूत, ॲना थिन नावाच्या एका महिलेने टॉर्की या गावी असेच प्रवाळ पाहिले होते. त्यांचे पती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध प्रार्थनामंदिराचे एक अधिकारी होते. प्रवाळ लंडनला न्यावेत, असे बाईंच्या मनात आले. वाटेत ते एकमेकांवर आदळून फुटू नयेत, म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजावर टाचून टाकले आणि खाऱ्या पाण्याच्या बरणीत घालून घरी आणले. घरी आल्यावर नवी अडचण उभी राहिली. लंडन समुद्रकाठी नाही. पाणी पुनःपुन्हा कोठून आणावयाचे? तेव्हा तेच पाणी रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतावयाचे, असे ठरले. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे. हे काम घरातील मोलकरीण दररोज अर्धा-पाऊण तास करीत असे. प्रवाळ जगले ते बाईंच्या कल्पनेने आणि त्या मोलकरणीच्या दुखऱ्या हातांनी. पुढल्या वसंत ऋतूत बाईंनी पाण्यात समुद्रशेवाळ ठेवले आणि त्या हातांचे श्रम कमी झाले. प्रवाळ काही वर्षे जगले, इतकेच काय, त्यांना पिल्लेही झाली. बाईंच्या या टिपणांना गॉस यांनी १८५९ मध्ये एका शास्त्रीय मासिकात प्रसिद्धी मिळवून दिली.

शेवाळाने काय केले? हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू बाहेर टाकतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस कळून चुकले होते. प्राणी प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात. वनस्पती कर्बवायू घेतात आणि प्राणवायू देतात. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली हाच मेळ गोड्या पाण्याच्या टाकीत घालून दाखविला होता. गॉस यांनी डेव्हनच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात तोच प्रयोग केला. शेवाळ मात्र खडकाच्या तुकड्यासह आणले पाहिजे, कारण खडकावरून उपटलेले शेवाळ सडू लागते, हे त्यांनी अनुभवाने जाणले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मे १८५३ मध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी गॉस यांनी समुद्रकाठी राहून शेकडो जीव गोळा करून पाठविले. पुढल्या वर्षी ‘द अक्वेरियम’ हे त्यांचे पुस्तक आले. त्यातील रंगीत चित्रे त्यांनीच काढली होती. वडिलांची हस्तिदंतावरील कला अशी समुद्राच्या तळाशी जाऊन पोहोचली. ‘अक्वेरियम’ हा आज जगभर वापरला जाणारा शब्द रूढ झाला तो या पुस्तकामुळेच.

तरीही एक अडचण राहिली होती. ज्याला समुद्राचे पाणीच मिळत नाही, त्याने काय करावे? लंडनमधील मनुष्य असो वा नायगावमधील, दोघांनाही हा प्रश्न सारखाच पडतो. गोड्या पाण्यात साधे मीठ विरघळविले म्हणजे झाले, असे वरवर वाटते. परंतु नुसत्या मिठाच्या पाण्यात सागरी जीव तग धरीत नाहीत. समुद्राच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण त्या वेळी उपलब्ध होते. ते पाहून १८५४ च्या वसंतात गॉस यांनी आपले पाणी स्वतःच तयार केले. सुमारे साडेचार लिटर गोड्या पाण्यात त्यांनी जवळजवळ १०० ग्रॅम साधे मीठ, ७ ग्रॅम एप्सम मीठ, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घातले. वजने अर्थात त्या काळच्या औंसांत व ग्रेनांत होती. चुना त्यांनी निराळा घातला नाही. टाकीत ठेवावयाच्या दगडांतून व शिंपल्यांतून तो पुरेसा मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. पाणी गाळून घेतले, तळाशी गोटे पसरले, आणि शेवाळ लागलेले दगड त्यात ठेवले.

येथे त्यांनी दाखविलेला संयम ध्यानात घेण्याजोगा आहे. पाणी तयार होताच त्यात प्राणी सोडण्याचा मोह कोणालाही झाला असता. गॉस यांनी सुमारे आठवडाभर नुसते शेवाळच त्यात राहू दिले आणि मग एकेक करून प्राणी सोडले. ते जगले. या थांबण्यामागील दुसरे कारण आज आपल्याला ठाऊक आहे, ते त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य पाण्यात उतरते. दगडांच्या व वाळूच्या पृष्ठभागावर काही उपयुक्त जीवाणू वस्ती करतात आणि या विषाचे रूपांतर क्रमाक्रमाने कमी अपायकारक द्रव्यांत करतात. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढावयास कित्येक आठवडे लागतात. म्हणून आजही प्रवाळ पाळणारे जाणते लोक नवी टाकी भरल्यावर पुष्कळ दिवस ती रिकामीच चालवितात. घाई करणाऱ्यांचे प्रवाळ पहिल्या महिन्यातच दगावतात.

गॉस यांच्या प्रवाळांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर गैरसमज होईल. त्यांचे थंड पाण्यातील प्रवाळ सर्वस्वी पकडलेल्या अन्नावर जगत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किल्ल्याभोवती उथळ, उबदार पाण्यात जे प्रवाळ आहेत, त्यांपैकी बहुतेकांची रीत वेगळी आहे. त्यांच्या देहात असंख्य सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. बदल्यात त्यांना आसरा मिळतो. म्हणून अशा प्रवाळांना अन्नाच्या कणांहून प्रकाश अधिक मोलाचा असतो. पाणी गढूळ झाले की त्यांची उपासमार होते, आणि पाणी फार तापले की ही शैवले त्यांना सोडून जातात व प्रवाळ पांढरे फटक पडतात. तसेच फार दिवस चालले तर ते मरतात. असे प्रवाळ टाकीत ठेवणाऱ्यास पाण्याची उष्णता, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारांचे प्रमाण, दिव्यांचा उजेड आणि सांगाड्यासाठी लागणारा चुना ही सर्व रोज सांभाळावी लागतात. गॉस यांचा अंदाज, दगड-शिंपल्यांतून चुना मिळेल हा, मोजक्या लहान प्रवाळांपुरता ठीक होता. झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाळांना तो पुरता ना.

गॉस यांच्या पुस्तकांनी इंग्लंडला अक्षरशः वेड लावले. काचेवरील सरकारी कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाडी समुद्रकाठापर्यंत गेली होती. घरोघर दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या. १८५५ साली गॉस यांनी इल्फ्राकूम येथे किनाऱ्यावरच वर्ग भरविला. शिक्षक पुढे आणि स्त्रीपुरुष विद्यार्थी मागे, असे सर्व जण ओल्या खडकांवरून चालत. विद्वानांनीही त्यांचा गौरव केला. १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. शाळा अर्धवट सुटलेल्या कारकुनाला हा मान लहान नव्हता.

यानंतरचे वर्ष मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे ठरले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिलीबाई कर्करोगाने वारल्या. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी गॉस यांनी एक ग्रंथ लिहिला. ते अत्यंत कडवे धर्मनिष्ठ होते आणि पृथ्वी फार प्राचीन आहे असे सांगणारे भूशास्त्र व बायबलातील सृष्टीची कथा यांची सांगड घालण्याचा त्यांचा हेतू होता. पृथ्वी निर्माण झाली तीच मुळी जुनेपणाच्या खुणांसह, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. शास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि धर्मनिष्ठांनाही रुचले नाही. पुस्तक पडून राहिले. प्रवाळाचा एकेक तंतू मोजणाऱ्या या माणसाने येथे मात्र पुराव्यामागे न जाता पुराव्याला आपल्या मागे ओढावयाचा प्रयत्न केला, असे म्हणणे भाग आहे.

दुःखी मनाने ते मुलाला घेऊन लंडन सोडून निघाले आणि टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहिले. तेथे पुन्हा खडक, पुन्हा ओहोटी. बाप कमरेइतक्या पाण्यात उभा आहे आणि लहान एडमंड बरण्या सांभाळीत काठावर उभा आहे, असे अनेक दिवस गेले. त्या दिवसांतून ब्रिटिश समुद्रफुले व प्रवाळ यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ तयार झाला. तो १८६० मध्ये पूर्ण झाला आणि त्या विषयावर दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

परंतु त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरेही काही घडत होते. पुस्तके वाचून लोक हातोड्या घेऊन किनाऱ्यावर उतरले होते. विक्रेते तर टोपल्याच्या टोपल्या भरून जीव शहरांकडे धाडीत. नेलेल्यांपैकी बहुतेक जीव आठवडाभरात मरत, आणि मग नवे आणण्यासाठी लोक पुन्हा येत. ज्या खडकांतील कुंडे गॉस यांनी प्रथम पाहिली तेव्हा ती फुलांच्या ताटव्यासारखी भरलेली होती, ती काही वर्षांत उघडी बोडकी झाली. पुढे १९०७ साली एडमंड यांनी बालपणाच्या आठवणी लिहिल्या. आपल्या पुस्तकांनीच हा विध्वंस ओढवला, या जाणिवेने वडिलांना किती यातना होत, ते त्यांनी त्यांत नमूद केले आहे. गॉस यांनी लोकांना प्रेम करावयास शिकविले होते. लोकांनी ते प्रेम केले, आणि त्या प्रेमानेच किनारे ओस पडले.

प्रवाळांवरचे हे संकट केवळ इंग्लंडपुरते राहिले नाही. शोभेच्या वस्तू, चुना आणि टाक्या यांसाठी जगात ठिकठिकाणी प्रवाळ तोडले गेले. आपल्या देशात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. २००१ साली भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण आहे, तेच या मुठीएवढ्या जीवांना लाभले. आपल्या समुद्रातील प्रवाळ तोडणे, विकणे वा घरी नेऊन ठेवणे हा तेव्हापासून गुन्हा झाला.

१८६० साली गॉस यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि उरलेले आयुष्य तुलनेने शांतपणे घालविले. पुढे ते ऑर्किडची फुले वाढवू लागले. वृद्धपणी चाकजीव या सूक्ष्म जलचरांवरील मोठ्या ग्रंथाच्या लेखनात त्यांनी भाग घेतला. तो ग्रंथ १८८६ मध्ये निघाला, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. अखेरीस दुर्बिणीचा नाद लागला. हिवाळ्यातील एका रात्री तारे पाहत असता त्यांना थंडी बाधली, आणि २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथील घरी त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी शोधलेला शेंदरी आणि सोनेरी प्रवाळ डेव्हनच्या किनाऱ्यावर आजही आढळतो. तो मोठ्या ओहोटीच्या वेळी दिसतो, खडकाच्या अशा अरुंद कपारीत, की जेथे छिन्नी सहसा पोहोचत नाही.